‘कळवतो’ म्हणाले, त्याला सात महिने झाले

पत्र: ताई, मी मूळची सोलापूरची, वय २६. कॉलेजात तीन वर्षं एकांकिका केल्या, पुढे राज्य नाट्य स्पर्धेत सोलापूर केंद्रावर अभिनयाचं प्रमाणपत्रही मिळालं. दोन वर्षांपासून डोंबिवलीत मावशीकडे राहते आणि ठाण्यात एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. नाटक करायला मिळेल म्हणूनच इकडची नोकरी धरली. व्हॉट्सॲपच्या वीसेक ग्रुपवर फोटो आणि माहिती टाकत असते. तीन ऑडिशन दिल्या, तिन्हीकडे ‘छान, कळवतो’ म्हणाले. पहिलीला आता सात महिने झाले. एका ठिकाणी ‘बोलण्यात सोलापूर येतंय’ असं ऐकवलं. आता एक संस्था १८,००० रुपये मागतेय. तीन महिन्यांचं शिबिर, आणि संपल्यावर व्यावसायिक नाटकात हमखास भूमिका, असं म्हणतात. ओळख नसेल तर इथे कोणी उभंच करत नाही का? नोकरी सोडून पूर्ण वेळ प्रयत्न करू का? सोबत फोटो आणि माहितीचा कागद जोडतेय.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर:

तू मला ताई म्हटलंस, म्हणून सरळ ‘तू’ म्हणते. नाटकवाल्यांत ‘तुम्ही’ फार टिकत नाही.

आधी १८,००० रुपयांचं बोलू, बाकीचं नंतर. देऊ नकोस. शिबिराला फी असते, त्यात वावगं काही नाही. शिकवणार कोण, त्याने आजवर काय केलंय, रोज किती तास, एका वर्गात किती जण, हे विचारावं आणि पटलं तर खुशाल भरावी. पण फी आणि भूमिका एकाच पावतीवर आल्या की तिथून उठायचं. व्यावसायिक नाटकात नटाला ‘नाईट’ मिळते, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन. पैसे निर्मात्याच्या खिशातून नटाच्या हातात जातात. उलटे जायला लागले तर तो धंदा नाटकाचा नाही. आणि ‘हमखास’ म्हणजे काय गं? इथे चांगल्या चालणाऱ्या नाटकाला पुढच्या महिन्यातला हवा तो रविवार हमखास मिळत नाही.

आता ‘कळवतो’. मी बरीच वर्षं दिग्दर्शकाची सहायक म्हणून टेबलाच्या त्या बाजूला बसले आहे, हा शब्द मीही शेकडो वेळा वापरला आहे, त्यामुळे त्याचा अर्थ मला सांगता येईल. बहुतेक वेळा तो नकार असतो आणि तोंडावर नाही म्हणायची हिंमत नसते. काही वेळा नाटकच लांबलेलं असतं. निर्मात्याचं गणित जुळत नाही, लेखक दुसरा अंक पुन्हा लिहायला घेतो, आणि मग कोणाला काय कळवणार? उरलेल्या वेळी मुलगी खरंच आवडलेली असते, पण या भूमिकेला नको असते. मग तिचं नाव वहीत लिहिलं जातं. वही पुढे कुठे जाते ते विचारू नकोस. म्हणून पंधरा दिवसांनी एकच निरोप टाकायचा, ‘त्या भूमिकेचं ठरलं का? नसेल तर तालमीला बसायला आवडेल.’ उत्तर आलं नाही तर विषय संपला. सात महिने एका शब्दावर थांबायचं नाही. त्यानंतर त्या माणसाला निरोप पाठवायचा तो तुझा कुठे प्रयोग असेल तेव्हाच. वार, वेळ, ठिकाण, बस्स.

ओळखीचा प्रश्न तू थोडा रागानेच विचारला आहेस. मी राग मोडत नाही, पण पात्रयोजना कशी होते ते जरा बघ. समज एका नाटकात पाच पात्रं आहेत. एक चेहरा तिकीटखिडकीसाठी लागतो, तो निर्माता ठरवतो. दुसरा नट दिग्दर्शकाच्या नेहमीच्या माणसांतला. राहिलेल्या तीन जागांवर चहा पिता पिता बोलणं होतं. ‘ती कोण गं, गेल्या वर्षी त्या एकांकिकेत बहिणीचं काम केलेली?’ मग कोणीतरी नाव सांगतं. सांगणारा कधी सहायक असतो, कधी प्रकाशयोजना करणारा, कधी संगीताचं बटण दाबणारा पोरगा. नाव आलं की लगेच चौकशी सुरू. पाठांतर कसं आहे? वेळेवर येते का? दौऱ्याला घरचे सोडतील का? मालिका धरून बसली नाही ना? अभिनय कसा करते हे त्या चहावर फारसं कोणी विचारत नाही. ते आपण बघून घेऊ, असं दिग्दर्शकाला वाटत असतं. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मात्र त्यालाच देता येतात ज्याने तुला महिनाभर तालमीत पाहिलेलं आहे.

म्हणजे ओळख लागतेच, पण ती काका-मामाची नसली तरी चालते. तालमीत पाहिलेलं असलं की झालं. तुझ्या वीस ग्रुपवर तुझा फोटो शेकडो लोकांनी पाहिला असेल. दोन वर्षांत तालमीत तुला किती जणांनी पाहिलं? पत्रात मुंबईतल्या एकाही तालमीचा उल्लेख नाही. मला खटकलं ते एवढंच.

तेव्हा आता तालमीत शिरायचं कसं ते सांगते.

नोकरीवाल्या माणसाला सगळ्यात सोपी वाट हौशी रंगभूमीची. महाराष्ट्र राज्य हौशी नाट्य स्पर्धा तुला माहीतच आहे. प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबरात सुरू होते, म्हणजे संस्था संहिता शोधायला आणि माणसं जमवायला पावसाळ्यातच लागतात. दिवाळीत चौकशी केलीस तर पात्रं ठरलेली असतील, गणपतीच्या आधी केलीस तर कुठे ना कुठे एक मुलगी कमी असेल. मुली नेहमीच कमी पडतात. सात पुरुष आणि दीड बाई अशी नाटकं आपल्याकडे का लिहिली जातात हा वेगळा विषय आहे, पण जी आहे ती जागा भरायलाही बाई मिळत नाही अशी हौशी संस्थांची कायमची ओरड. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत अशा संस्था आहेत. गेल्या वर्षीच्या स्पर्धेचे निकाल शोध. पेपरात संस्था, नाटक, दिग्दर्शक यांची नावं केंद्रवार छापून येतात. तुझ्या जवळच्या केंद्राची यादी काढलीस की पंधराएक नावं आयती मिळतील, आणि त्यांतल्या पहिल्या तीनपेक्षा नंबरात न आलेल्या संस्थेला तुझी गरज जास्त असेल.

दुसरं, तू अकाउंट्सला आहेस. जूनच्या आणि डिसेंबरच्या पगारातून कामगार कल्याण निधीची एक छोटी रक्कम कापली जाते ती तुझ्याच हाताखालून जात असेल. ज्यांची ती कापली जाते त्या कामगार-कर्मचाऱ्यांसाठी कामगार कल्याण मंडळ नाट्यस्पर्धा घेतं. जवळच्या कामगार कल्याण केंद्रात जाऊन एकदा विचार. वर्षानुवर्षं पैसे भरून तिथली पायरी न चढलेले लोक मी ढिगाने पाहिले आहेत.

कॉलेजच्या स्पर्धा, पुरुषोत्तम करंडक वगैरे, आता तुला बंद झाल्या. खुल्या गटाच्या एकांकिका स्पर्धा मात्र भरपूर आहेत. आणि यंदा २५ जानेवारीची रात्र मोकळी ठेव. चतुरंग या संस्थेची ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा त्या रात्री असते. वर्षभरात इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका तिथे उतरतात आणि रात्रभर चालतात. तू प्रेक्षक म्हणून जा. त्या प्रेक्षागृहात दिग्दर्शक, निर्माते, नट मिळेल तिथे बसलेले असतात. त्यांना फोटो दाखवायचा नाही. कोणत्या गटाचं काम आपल्या जातकुळीचं आहे ते बघायचं आणि त्या गटाच्या मुलांशी मध्यंतरात चहावर बोलायचं. पुढच्या वर्षी ते काय बसवतायत हे तुला पेपरच्या आधी कळेल.

तिसरी गोष्ट सांगताना जरा भीती वाटते, कारण मुलींना हे सांगितलं की त्या दुखावतात. प्रॉम्प्टिंग कर. तालमीला संहिता घेऊन बसणारं माणूस कोणालाही हवं असतं. नट पाठ करत असताना तू वाक्यं देतेस, गैरहजर नटीच्या जागी वाचतेस, हालचाली टिपून ठेवतेस. महिन्याभरात अख्खं नाटक तुझ्या अंगात मुरतं. त्यातूनच भूमिका मिळेल असं नाही. आमच्याकडे एक मुलगी तीन आठवडे प्रॉम्प्टिंगला होती. मुख्य नटी आजारी पडली आणि ती उभी राहिली, असलं सिनेमातलं काही झालं नाही. नटी ठणठणीत होती. झालं ते असं, की दीड वर्षाने दुसऱ्या नाटकात शेजारणीचं चार वाक्यांचं काम निघालं तेव्हा तिघांनी एकदमच तिचं नाव घेतलं. ती शेजारीण तिने पुढे सव्वाशे प्रयोग केली. आणि रिप्लेसमेंट हा व्यावसायिक नाटकातला कायमचा खड्डा आहे. नाटक दोन वर्षं चाललं की कोणाला मालिका लागते, कोणाचं लग्न ठरतं, कोणाचं बाळंतपण येतं. आठ दिवसांत पाठ करून उभी राहील अशी बाई सगळ्यांना हवी असते. आणि ते करू शकेल याची खात्री ज्यांना आहे, ते तालमीतलेच लोक असतात.

एक इथेच सांगून टाकते. तालीम सभागृहात, शाळेच्या वर्गात, संस्थेच्या जागेत असते. ‘माझ्या फ्लॅटवर ये, वाचन करू’ असा रात्रीचा निरोप आला तर जायचं नाही, मग तो माणूस कितीही मोठा असो. पहिल्या दिवशी मैत्रिणीला घेऊन जा. खऱ्या संस्थेला तिचा त्रास होत नाही, उलट तिलाही कामाला लावतील.

आता ऑडिशन. ती दिलीस कशी हे तू लिहिलं नाहीस, पण अंदाज आहे. एखाद्या गाजलेल्या नाटकातलं रडतं स्वगत केलं असशील. सगळ्याच करतात. अडचण अशी की ते स्वगत ऐकताना आमच्या कानात मूळ नटीचा आवाज वाजत असतो, त्यामुळे तू दिसतच नाहीस. दोन-दोन मिनिटांचे दोन उतारे तयार ठेव. एक असा ज्यात माणूस काहीतरी मिळवायच्या मागे आहे. कर्ज मागतोय, रजा मागतोय, खोटं पचवतोय. रडण्यापेक्षा हे अवघड असतं आणि बघायलाही बरं वाटतं. दुसरा हलका असू दे. फार माहीत नसलेल्या एकांकिकेतला घे, कथेतला संवाद घे, चालेल.

उतारा झाला की चांगला दिग्दर्शक एखादी सूचना देतो. ‘हेच आता भाजी निवडता निवडता म्हण’, किंवा ‘समोरच्याला ऐकू जाऊ नये असं म्हण.’ खरी ऑडिशन इथे सुरू होते. दहातल्या आठ जणी पहिल्यासारखंच, फक्त जरा जोरात, म्हणतात. सूचना ऐकून काहीतरी बदलणारी मुलगी, बदल चुकला तरी, लक्षात राहते, कारण पुढचे चाळीस दिवस तिच्यासोबत काढायचे आहेत हे दिग्दर्शकाच्या डोक्यात असतं.

मग हातात पान देतात. न वाचलेलं वाचायचं. इथे चांगल्या चांगल्यांची बोबडी वळते, आणि याला उपाय फार साधा आहे. रोज दहा मिनिटं पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाच, न थांबता, वाक्य संपायच्या आधी नजर पुढच्या ओळीवर नेत. महिनाभरात फरक कळेल. ऑडिशनला समोर वाचायला बहुधा माझ्यासारखी सहायक असते. मी बापाची वाक्यं सुपारी चघळल्यासारखी वाचते, सत्ताविसाव्या वेळी तर पेंगत. एकदा माझी ओळच चुकली आणि मी पान चाळत बसले. सगळ्या मुली अशा वेळी वर बघून थांबतात किंवा पुढचं वाक्य रेटतात. ती एक मुलगी बापाकडे बघावं तशी माझ्याकडे बघत राहिली, ‘हा आता काय बोलणार’ अशा धास्तीने. मी ओळ शोधेपर्यंत ती त्या घरातच होती. तिला घेतलं. तिने एकही वाक्य विशेष म्हटलं नव्हतं.

कपडे साधे, हालचाल करता येईल असे. केस मागे बांध, कपाळ दिसू दे. टाचेचे बूट नकोत. आणि उतारा संपल्यावर ‘सॉरी, आज घसा बसलाय’ असं म्हणू नकोस. आम्हाला कळलेलं नसतं, तू सांगतेस म्हणून कळतं.

‘बोलण्यात सोलापूर येतंय’ याचं वाईट वाटून घेऊ नकोस, पण उडवूनही लावू नकोस. ज्याने म्हटलं त्याच्या नाटकात दादर-पार्ल्याचं घर असेल तर त्याला तसा कान हवा असणार, तो त्याचा हक्क आहे. प्रमाण बोली हे एक कौशल्य आहे, तलवारबाजीसारखं, ते कमवावं. ण आणि न, ळ आणि ल, चहातला च आणि चमच्यातला च, वाक्याच्या शेवटी वर जाणारा सूर. मोबाइलवर स्वतःचं वाचन ध्वनिमुद्रित कर आणि ऐक. पहिले आठ दिवस ऐकवणार नाही, मग कान तयार होतो. पण यात ‘काय करलालास बे’ मरू देऊ नकोस. मुंबईत सोलापुरी बोलणारी मुलगी हवी असते तेव्हा पुण्याच्या पोरी सोलापूर म्हणून जे काही बोलतात ते ऐकून मला अंगावर काटा येतो. तुझ्या दोन उताऱ्यांपैकी एक सरळ सोलापुरीत कर, आणि लगेच दुसरा प्रमाण मराठीत. तुझ्या खिशात दोन्ही आहेत हे दोन मिनिटांत कळेल, बोलून दाखवायची गरज नाही.

माहिती पाठवतेस ती कशी? तुझ्या पत्रासोबत आलेला कागद दीड पानांचा आहे आणि त्यात छंद, वाचनाची आवड आणि दहावीची टक्केवारी आहे. मला हवं ते नाही. वय, उंची, भाषा, केलेल्या कामांची चार ओळीत यादी, गाता येतं का, नाचता येतं का, आणि राहायला कुठे. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नकोस. दादरला तालीम रात्री दहा-साडेदहाला सुटते, आणि मुलगी डोंबिवलीला राहते म्हटलं की सहायकाच्या डोक्यात गाड्यांचं वेळापत्रक सुरू होतं. म्हणून आधीच लिही, ‘ऑफिस ठाण्यात, सहाला सुटते, सातपर्यंत दादर, परतीची अडचण नाही, शनिवार-रविवार मोकळी.’ एवढ्या एका ओळीने तू पन्नास जणींच्या पुढे जाशील. सोबत आडव्या मोबाइलवर घेतलेला दीड मिनिटाचा व्हिडिओ, मागे पांढरी भिंत, आवाज स्वच्छ. सुरुवातीला संगीत नको, तुझं नाव उडत येणंही नको.

नोकरी सोडू नकोस. अजिबात. डॉ. श्रीराम लागू पुण्यात कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करत पीडीए या हौशी नाट्यसंस्थेची नाटकं करत होते, पूर्ण वेळ नट झाले ते १९६९ मध्ये, बेचाळिशीत. तू लागू आहेस असं मी म्हणत नाही. पण दोन्ही एकत्र चालतं, आणि तुझ्या बाबतीत तर आणखी सोपं आहे, कारण व्यावसायिक प्रयोग बहुतेक शनिवार-रविवार आणि सुटीच्या दिवशी असतात आणि हौशी तालमी संध्याकाळी. नोकरी कधी अडते, तर दौरा लागतो तेव्हा. आठ दिवस विदर्भ, आठ दिवस मराठवाडा. तो प्रश्न आला की मला पुन्हा लिही, मी आनंदाने उत्तर देईन. पहिल्या नाटकाच्या दोन नाइटांवर महिन्याचा खर्च निघत नाही, आणि खर्चाच्या काळजीत माणूस वाटेल ते काम घेतं.

शिकायला जायचं असेल तर ते वेगळं, त्यासाठी नोकरी सोडावी लागली तरी मी अडवणार नाही. कलिन्याला मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, पुण्याला विद्यापीठाचं ललित कला केंद्र, दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालय. दिल्लीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. तिथे वयाची अट असते, तू २६ची आहेस, तेव्हा विचार करायचा तर याच वर्षी कर. प्रवेशाची जाहिरात शब्दन् शब्द वाच. या संस्थांतून भूमिका मिळतेच असं नाही, पण दोन-तीन वर्षं रोज सकाळपासून रात्रीपर्यंत तालमीत असतेस, आणि तुझ्यासोबत असलेले वीस-पंचवीस जण पुढे दिग्दर्शक, लेखक, नेपथ्यकार होतात. म्हणजे फिरून आपण त्याच चहाच्या टेबलावर आलो.

शनिवार-रविवारच्या मराठी पेपरात नाटकांच्या जाहिराती येतात त्या नीट वाचायला लाग. मोठ्या अक्षरातली नावं सगळे वाचतात. तू खालची बारीक वाच, सूत्रधार, व्यवस्थापक, सहायक. डोंबिवलीला सावित्रीबाई फुले नाट्यगृह आहे, कल्याणला अत्रे, ठाण्याला गडकरी आणि घाणेकर. महिन्यातून दोन नाटकं बाल्कनीच्या तिकिटात बघ. आवडलेल्या नाटकानंतर आत जा, मात्र पडदा पडल्यावर, आणि तेही दहा मिनिटांनी, मेकअप उतरू दे. प्रयोगाआधी कधीही नाही. ‘खूप छान झालं’ म्हणू नकोस, त्यांना ते शंभर जण म्हणतात. दुसऱ्या अंकात अमुक ठिकाणी तुम्ही थांबलात ते मला कळलं, असं एकच काहीतरी नेमकं बोल. मग नटाला सोड आणि विंगेत सामान आवरणाऱ्या सहायकाला शोध. पुढचं काय बसतंय आणि तालमीला माणूस हवंय का, हे त्याला विचार.

आणि तो फोटो बदल. फिल्टरमध्ये तुझं नाकच गेलंय. खिडकीपाशी उभी राहा, सकाळी नऊच्या उजेडात, मावशीला मोबाइल धरायला सांग. एक चेहऱ्याचा, एक पायापर्यंतचा. टिकली हवी तर ठेव.